पाटाभोवतीची रांगोळी

एकदा एक व्यापारी सहा वर्षे सातासमुद्रापार राहून आपल्या बंदरगावी परतला. बायकोने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीने पायांवर पाणी घातले. सर्वांना वाटले, आला बाई एकदाचा!

पण कुठले काय! पंधरवडा उलटला तरी त्याचे चित्त थाऱ्यावर येईना. उठल्यासुटल्या तो बंदरावर जाई आणि पुढचे गलबत कधी सुटणार याची चौकशी करी. बायको गावाबाहेरच्या वृद्ध आचार्यांकडे धावली.

"महाराज, हे परवाच्या गलबताने पुन्हा निघालेत. आमचं काय चुकलं, कळत नाही. दूध-तूप, कशाचीच कमी नाही. लेकीलाही बजावलंय, बाबांना कसलाही त्रास द्यायचा नाही म्हणून. आता गेले तर परत येतील का हो?" बोलताबोलता तिला रडू फुटले.

"उद्या आम्ही जेवायला येतो," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शिष्याला घेऊन गेले. व्यापाऱ्याचा पाट मधोमध मांडला होता, भोवती सुबक रांगोळी होती आणि तो त्यावर अवघडून बसला होता. आचार्य थेट त्याच्यापुढे उभे राहिले.

"शेठजी, उठा. आज तुम्ही वाढा."

शिष्य चपापला. बायको लगबगीने पुढे आली. "अहो महाराज, त्यांना कशाला? मी आहे ना!"

"तुम्ही बसा, बाई."

व्यापारी उठला आणि आमटीचे पातेले घेऊन आला. पहिल्याच पानावर वाढताना पळी कलंडली आणि आमटी जमिनीवर ओघळली.

"अहो, बघून वाढा की जरा! आत्ताच तर सारवलंय मी!" बायको कडाडली, आणि लगेच तिने जीभ चावली. आता हा उठून जाणार, या धास्तीने तिचा चेहरा पांढराफटक पडला.

व्यापारी मात्र तिच्याकडे पाहतच राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि मग तो खदखदून हसला. लेकीने फडके आणून त्याच्या हातात दिले. "बाबा, पुसा आता!"

परतताना शिष्याला राहवेना. "गुरुजी, भरल्या घरात आपण त्या गृहस्थाचा अपमान केलात!"

"अरे, पाहुण्याला कुणी काम सांगते का? त्याच्यावर कुणी चिडते का? नाही, कारण तो जाणार असतो. ती माउली त्याला गमावण्याच्या भयाने जपत होती, आणि तिचे ते जपणेच त्याला रोज सांगत होते की तू इथला नाहीस. परमुलखात सहा वर्षे तो पाहुणाच होता. घरीही पाहुणाच राहायचे, तर गलबत काय वाईट?"

"मग आता तो जाणार नाही ना?"

"ते मला काय ठाऊक!"

तिसऱ्या दिवशी गलबत सुटले. शिष्य व्यापाऱ्याच्या दाराशी गेला. आतून बायकोचा आवाज आला, "नारळ नुसता हातात धरून काय बसलात? खवा की!"

शिष्य हसत मागे फिरला. आपल्याकडेही कुणी दूरदेशाहून परतले, तर चार दिवस कोडकौतुक अवश्य करावे. पाचव्या दिवशी मात्र त्याच्यापुढे खवणी ठेवावी.