खालून आलेली हाक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राजाला बांधकामाची भारी हौस. आज वेस, उद्या पूल, परवा महाल. शेवटी त्याने सात मजली मनोरा उभारायला काढला आणि काम एका मुकादमावर सोपवले.

मुकादमाच्या घराण्यात एक रीत होती. बांबू आणि काथ्याने बांधलेल्या परांचीवर रोज सकाळी आधी मुकादमाने चढायचे. काथ्या उन्हात वाळला की गाठी सैल पडतात. म्हणून प्रत्येक गाठ ओढून पाहायची, सैल असेल ती आवळायची, आणि मगच वरून हाक द्यायची, "या!" त्या हाकेशिवाय कुणीही परांचीवर पाय ठेवत नसे.

हाकेला पहिले उत्तर अक्काचे असे. ही म्हातारी मुकादमाच्या बापाच्या वेळेपासून चुन्याची घमेली वाहत होती. मुकादमाला तिने लहानपणी कडेवर खेळवले होते. "आले रे बाबा!" म्हणत ती सगळ्यांच्या आधी चढायची.

मनोरा वाढला तसा मुकादमाचा मानही वाढला. राजाने त्याला जरीचे पागोटे दिले, बसायला गादी दिली. एके सकाळी प्रधानजी बोलत बसले म्हणून त्याचे चढणे राहून गेले. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही काही झाले नाही. मग काय, सवयच लागली! मुकादम गादीवरूनच हाक देऊ लागला. मान मिळाला की माणसाचे गुडघे लवकर दुखू लागतात, दुसरे काय!

लोक आपसात कुजबुजले. बोलली फक्त अक्का.

"बाबा, हाक खालनं आली व्हय?"

"खालून काय आणि वरून काय, अक्का! हाक माझीच आहे ना?"

"तुझीच हाय, म्हणून तर इचारते."

"चल, चढ आता. महाराज यायची वेळ झाली."

अक्काने क्षणभर वर पाहिले. मग घमेले डोक्यावर घेतले आणि म्हणाली, "आले रे बाबा!"

सहाव्या मजल्यावर एक गाठ सुटली. बांबू सरकला आणि अक्का घमेल्यासकट खाली आली. मुकादम धावला, पण त्याने तिचे डोके मांडीवर घेतले तेव्हा सारे संपले होते.

राजाने अक्काच्या घरी नवे लुगडे पाठवले आणि मुकादमाला निरोप धाडला, "मनोरा कधी पुरा होईल?"

मुकादम वर चढला. सुटलेल्या गाठीशेजारच्या गाठीत त्याने बोट घातले, ते सहज आत गेले. अशी गाठ आवळायला कितीसा वेळ लागतो? चिलीम भरायलाही त्याहून जास्त लागतो. तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने पागोटे उतरवून ठेवले. उजाडताच तो अनवाणी सातही मजले चढला. एकूण एक गाठ त्याने आवळली, हाताची सालटी निघाली तरी थांबला नाही. मग त्याने वरून हाक दिली, "या!"

खाली सगळे उभे होते. कुणीच हलले नाही.

एका म्हाताऱ्या गवंड्याने हात जोडले. "मुकादम, हाक पोचली हो. पर पाय उचलत न्हाई."

एकेक करून माणसे निघून गेली. दुसरीकडची माणसेही आली नाहीत, कारण बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मनोरा अपुराच राहिला.

मुकादम मात्र मरेपर्यंत रोज सकाळी वर चढत राहिला. तो गाठी तपासायचा, हाक द्यायचा आणि थोडा वेळ कान देऊन थांबायचा. "आले रे बाबा" म्हणणारे आता कुणी नव्हते.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढे ध्यानात ठेवा: जिथे आपण आधी पाय ठेवून पाहिला नाही, तिथे दुसऱ्याला चढायला सांगू नये.