चांगुणेचा हरवलेला आवाज

एक होता राजा. राहायचा उंच गडावर, ढगांच्याही वर. खाली नगरात काय चाललंय, ते त्याला दवंडीवरून कळायचं. दवंडी पिटायची चांगुणा. तिचा आवाज इतका गोड, की रडणारं लेकरूसुद्धा गप्प व्हायचं, बरं का!

नगरात होता रत्नशेट. रोज राजाच्या पंगतीला बसायचा. त्याने चांगुणेला चांदीचा ढोल दिला, राहायला माडी दिली. म्हणाला, "बाई, आता मी सांगेन तेवढंच बोलायचं."

एकदा काय झालं, नदी आटली. शेट म्हणाला, "सांग, नदी रुसली." चांगुणेने सांगितलं. बायांनी नदीची ओटी भरली. तेवढ्यात चांगुणेच्या तोंडातून एक पांढरं पाखरू निघालं, भुर्रकन उडालं. तिचा आवाज बसला.

मग शेट म्हणाला, "सांग, पाणी कुंभारांनी संपवलं." लोकांनी कुंभारांना वेशीबाहेर काढलं. तिची मैत्रीण काशी कुंभारीण जाताना एवढंच म्हणाली, "चांगुणे, तूसुद्धा?" दुसरं पाखरू उडालं.

मग दवंडी झाली, "शेटच्या जावयाला प्रधान करा, पाणी येईल!" राजाने तसं केलंही. तिसरं पाखरू गेलं, आणि चांगुणा मुकी झाली.

पाखरं शोधत ती कोरड्या नदीतून वर वर चालत गेली. पाहते तर काय! नदीला आडवी भली मोठी भिंत. पलीकडे शेटचं तळं, निळंशार, कमळांनी भरलेलं. नव्या प्रधानाची नाव त्यात हळूहळू डुलतेय. पाखरं भिंतीवर बसलेली. ती काही केल्या जवळ येईनात.

चांगुणेने गळ्यातला चांदीचा ढोल काढला नि पाण्यात सोडून दिला. मग एकेक पाखरू अलगद तिच्या ओठांवर येऊन बसलं, आणि आत शिरलं.

नगरात येऊन तिने रिकामा हंडा बडवला. "ऐका हो ऐका! नदी रुसली नाही, शेटने अडवलीय. कुंभारांचा दोष नाही. मी खोटं बोलले!"

आवाज थेट गडावर पोचला. राजा धावत खाली आला. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

चांगुणा म्हणाली, "सांगणार कोण, महाराज? ढोल शेटचा, प्रधान शेटचा, तुमच्या कानाशी शेटच."

राजाने मान खाली घातली. मग स्वतः पहार उचलली. भिंत फुटली, पाणी खळाळत आलं. जावयाचं प्रधानपद गेलं. चांगुणा स्वतः जाऊन कुंभारांना घेऊन आली. काशी आधी पाठ फिरवून सामान उतरवत राहिली. मग म्हणाली, "चल, चाक लावायला हात दे."

तेव्हापासून दवंडीवालीला घराघरातून पसाभर दाणे मिळू लागले, शेटकडून काही नाही. राजा दर बाजाराला खाली येऊन बसू लागला. आणि शेट? बसतो पंगतीला, पण सगळ्यांच्या शेवटी!

सगळे सुखात राहिले, बाळांनो. मिटा आता डोळे. झोपा.