माळावरची शिवण

त्या राज्यात आकाश वाटून दिलेले होते. उंच उडणाऱ्यांना वाटा मिळाल्या होत्या आणि खाली उडणाऱ्यांना फक्त झुडपे.

राज्याच्या कडेला एक उघडा माळ होता. तिथे शिंपी पक्षी राहत. पानाच्या कडा जुळवून, सावरीच्या कापसाचा दोरा ओढून ते पाळणे शिवत. टाका असा, की वाऱ्याला तो उसवता येत नसे. खालच्या हिरव्या दरीत बुलबुलांची आणि मैनांची पिल्ले याच पाळण्यांत निजत. पण शिंपी पक्षी दरीत कोणी पाहिलेला नव्हता. मधल्या वाटेवर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल बसे. पाळणे तोच दरीत नेई आणि बदल्यात आपण खाऊन उरलेले किडे माळावर टाकी.

"तुमची ओबडधोबड शिवण तिथे कोणाला नको असते," तो म्हणे. "मी आहे म्हणून खपते."

पाखरांना ते खरे वाटे. कोतवालाची मागणी वाढत गेली, तशी माळावरची झाडे बोडकी होत गेली. एका उन्हाळ्यात साळू नावाच्या शिंपिणीने आपल्या फांदीवरचे शेवटचे रुंद पानही शिवून दिले. सावलीवाचून तिच्या धाकट्या पिल्लाने भर दुपारी मान टाकली.

माळावर एक अनघड दगड होता. पाखरे त्याला देव मानीत. त्याच्या आडोशाला एक म्हातारा होला पक्षी राही. साळू त्याच्यापुढे येऊन बसली.

"बुवा, देवाला सांगा, ही चोच परत घे."

"चोचीचा काय दोष, साळूबाई?" होला म्हणाला. "तरुणपणी मी दरीत हिंडलोय. तुमच्या पाळण्यांवरून तिथे तेव्हाही भांडणं व्हायची. एकेका पाळण्यामागे कोतवाल किड्यांनी भरलेल्या उंबरांची अख्खी फांदी घ्यायचा."

साळूने आपल्या बोडक्या फांदीकडे पाहिले. मग म्हणाली, "आता पाळणा त्याच्या हाती द्यायचा नाही. आम्हीच नेऊ."

"न्या. पण शिवणार कशावर? आधी झाडाचं देणं फेडा. देव मागतो तो एवढाच नैवेद्य."

पाखरांनी दगडापुढे शपथ घेतली. झाड सावरेपर्यंत पान खुडायचे नाही, आणि सापडेल त्यातले एक बी खाण्याआधी मातीत घालायचे. कोतवालाने किडे बंद केले. भुकेल्या चोचीतले बी मातीत सोडणे सोपे नव्हते. काहींना ते जमले नाही. त्यांना कोणी बोलले नाही. पुढे पाऊस येऊन गेला, रोपे वर आली, जुन्या फांद्यांना पालवी फुटली. तेव्हा साळूने एक पान निवडले, पाळणा शिवला आणि तो चोचीत धरून झुडपामागून झुडूप ओलांडत ती दरीकडे निघाली.

दरीच्या तोंडाशी कोतवाल झेपावला. त्याने पाळणा उभा फाडला.

"ही वाट माझी आहे," तो ओरडला.

आरडाओरडा ऐकून दरीतली पाखरे गोळा झाली. साळू पळाली नाही. वाटेच्या मधोमध बसून तिने फाटलेल्या कडा जुळवल्या आणि टाका घातला. कोतवालाने पुन्हा फाडले. तिने पुन्हा शिवायला घेतले.

"अगं, माझ्या घरचा पाळणा असाच आहे," एक बुलबुलीण पुढे येत म्हणाली. "हा टाका तुझा होय?"

"माझा. माझ्या आईनं शिकवलेला."

"आम्हाला तर हा म्हणाला, मीच शिवतो."

"मग शिवू दे की त्याला. हे पान इथंच आहे."

सगळ्यांनी कोतवालाकडे पाहिले. तो पानाजवळ आला नाही. पंख फुगवून वर उडाला आणि तिथून पुन्हा झेप घेण्यासाठी वळला. साळूने मान वर केली नाही. फाटलेले पान एकट्या चोचीला आवरत नव्हते. एक कड धरली की दुसरी सुटत होती.

कोतवालाची सावली खाली येत असतानाच बुलबुलीण तिच्यासमोर बसली आणि तिने सुटलेली कड आपल्या चोचीत घट्ट धरली.