मागच्या भिंतीतली भोकं

एका गावात एक सासू होती. तिच्या मातीच्या घराला भोक म्हणून सापडायचं नाही. मुलाच्या लग्नाआधी तर तिने परसातली मागची भिंतही लिंपून अशी गुळगुळीत केली, की मुंगी चढताना घसरावी.

लग्न झालं, सून आली. परसात भोपळ्याचा वेल दरवर्षीसारखा पसरला, फुलला. पण लिंबाएवढं फळ धरायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, “नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय!”

सासूने वेलाला फाटकी चप्पल बांधली. तरी फळं गळतच राहिली. शेवटी ती सुनेला म्हणाली, “दहा दिवसांत एक तरी भोपळा नीट धरला नाही, तर माहेरी जा. वेल फळला की बोलावीन.”

बोलण्यापेक्षा बघणं सुनेला बरं जमायचं. सकाळी पाणी घालताना तिने पाहिलं, फुलं उमलत होती, ऊन चढलं की मिटत होती, आणि मधल्या वेळात त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. निळ्या पट्ट्यांची, मधमाशीच्या जातीची एक माशी तेवढी मागच्या भिंतीत घरापुरतं भोक कोरायची. सासू लगेच चिखल आणून ते बुजवायची. माशी थोडा वेळ घुटमळायची आणि निघून जायची.

दुसऱ्या दिवशी सासू चिखल घेऊन आली, तर सून भिंतीपुढे उभी.

“आत्याबाई, एवढा कोपरा सोडा. वेलाकडे येणारं कुणी असेल तर या माश्याच.”

“आणि चावल्या म्हणजे?”

“मला चावू द्या. नाहीतरी मी माहेरीच चालले आहे.”

सासूला हसू आलं. ते पदराआड लपवत ती चिखल घेऊन परत फिरली.

माश्या आल्या. कोणाला चावल्या नाहीत, त्यांना कामच फार होतं. नर फुलात शिरायच्या, हळद लागल्यासारख्या पिवळ्या होऊन निघायच्या आणि मादी फुलात घुसायच्या.

दहाव्या दिवशी सासूने पानं बाजूला सारली. मुठीपेक्षा मोठा, हिरवागार भोपळा देठाला घट्ट धरून होता. सासूने सुटकेचा निःश्वास सोडला. सुनेने आत जाऊन बांधलेलं बोचकं सोडलं.

पुढे भोपळे पिकले, घारगे झाले. तिसरा घारगा उचलत शेजारीण म्हणाली, “काकू, सुनेचा पायगुण चांगला हो!”

“तिचा कसला? माशीचा,” सासू म्हणाली. “तिला सहा पाय आहेत. आणि भिंत लिंपणारी मीच होते.”

चौथा घारगा तिने सुनेच्या ताटात वाढला.

तात्पर्य: दुसऱ्याचा पायगुण काढण्याआधी आपण काय बुजवून बसलो ते बघावं, आणि बागेच्या भिंतीत माशीपुरतं एखादं भोक राहू द्यावं.