वेशीबाहेर उभे राहिलेले गाव

एकदा एका गावात असा पेच पडला, की तो सोडवायला सारे गावच रिकामे करावे लागले.

नदीने पात्र बदलले आणि पलीकडची एक वस्ती वाहून गेली. तिथली माणसे लेकरे नि शेळ्या घेऊन या गावाच्या वेशीशी येऊन बसली. गायरानाच्या कडेला झोपड्या बांधू द्या, एवढेच त्यांचे मागणे. गावाची रीत अशी, की उपऱ्याला जागा द्यायची की नाही हे मूळ घराण्याने ठरवायचे. आणि मूळ घराणे आपलेच, असे गावातला एक व्यापारी छातीठोकपणे सांगे. त्याचे ऐकले तर वाटावे, त्याचा पूर्वज इथे आलाच नव्हता; ज्वारीसारखा जमिनीतून उगवला होता.

"जागा नाही," व्यापारी म्हणाला. "आज झोपडी मागतील, उद्या विहीर."

गावात एक वृद्ध आचार्य राहत. त्यांचा शिष्य म्हणाला, "गुरुजी, जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गाव वसले तेव्हाची खानेसुमारी आहे. घरे, माणसे, गुरे, प्रत्येकाचे जन्मगाव, सगळे मोजून लिहिलेले. मूळ घराणे त्यातून कळेल."

व्यापाऱ्याला ही कल्पना इतकी पसंत पडली, की कागद आणायला त्याने स्वतःची गाडी धाडली.

आचार्यांनी ते कागद वाचले आणि एक विचित्र आज्ञा केली. "सारे गाव चावडीपुढे बोलवा. ज्याचा पूर्वज परगावी जन्मला असेल, त्याने घरच्यांसह वेशीबाहेर जाऊन उभे राहायचे. आत उरेल ते मूळ घराणे. त्याचा शब्द अखेरचा."

शिष्य वाचू लागला. पाटलांचा पूर्वज घाटाखालचा निघाला. पाटील मिशी चाचपत बाहेर गेले. कुंभार दोन नद्यांपलीकडचे. तेही गेले.

"आम्ही तर देवाचे पुजारी," गुरव कुरकुरला.

"देवाचीही नोंद आहे," शिष्य म्हणाला. "मूर्ती घोंगडीत गुंडाळून आणली, असा शेरा आहे."

गुरवाने देवळाकडे एकवार पाहिले आणि तो निमूट चालू लागला.

मग व्यापाऱ्याची पाळी आली. "जन्म समुद्राकाठी. धंदा, मिठाची फेरी. गाढव एक, लंगडे."

"गाढवाचं लिहायची काय गरज होती?"

"मोजायला बसले की सगळेच मोजतात, शेठ," आचार्य म्हणाले.

सारे गाव बाहेर पडले. चुलीवरचे तवे तसेच राहिले आणि चौकातली कुत्री भुंकावे कुणावर, या विचारात पडली. वेशीबाहेर दाटी झाली, तेव्हा नदीकाठच्या एका बाईने आपली घोंगडी झटकून व्यापाऱ्याच्या बायकोला बसायला जागा केली.

"तुमचंही गाव गेलं का, बाई?" तिने हळूच विचारले.

व्यापाऱ्याची बायको घोंगडीच्या कडेवर टेकली.

मागून आचार्य आणि शिष्य आले. "गुरुजी, एकच नोंद राहिली," शिष्य म्हणाला. "कुंभाराची मुलगी. नुकती जन्मलेली. बारसे व्हायचे आहे, म्हणून नाव नाही. जन्म याच जागी. पुढे शेरा आहे. दुष्काळात निघालेला तांडा. बाळंतिणीला चालवेना, म्हणून सोबतचे सारे येथेच थांबले."

एवढे देऊळ, एवढी शेते, एवढ्या पिढ्या. आणि हे सारे एका पोरीच्या जन्मासाठी वाटेत थांबलेले.

"मग मूळ घराणे तिचेच," व्यापारी शेवटी म्हणाला. "तिच्या वंशजांना विचारा. कुठं आहेत ते?"

"ते कागदात नाही, शेठ," आचार्य म्हणाले. "आपण गावची लेक गावात देत नाही. तीही मोठी झाली असेल, आणि जिच्यासाठी गाव थांबले तिलाच गावाने वाजतगाजत बाहेर पाठवले असेल. तिच्या पोटची माणसे आज कुठल्या काठावर राहतात, कुठल्या वाटेने परततील, हे मी सांगू शकत नाही. म्हणून वेशीशी आलेल्याला उपरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

व्यापारी त्या नदीकाठच्या माणसांकडे एकेक चेहरा निरखत पाहत राहिला. जणू कुणाची तरी ओळख पटेल.

"गायरानाची कड नको," तो अखेर म्हणाला. "तिथं पाणी साचतं. वर, देवळामागं बांधा."

मग सगळे उठले. वेशीतून आत शिरताना पुढे कोण होते आणि मागे कोण, हे कुणी पाहिले नाही.