दूध कशाचं होतं

“वर्षश्राद्धापर्यंत इंदूनं एकदाच जेवायचं. अळणी भात. मठाचा नियम आहे. का, ते विचारायचं नाही,” आत्याने मठाच्या पायरीवरच बजावलं होतं.

शर्वरीने आत जाताच विचारलं, “बुवा, आईचं दूध कशाचं होतं?”

सोमगिरीबुवा हसले. लहानपणी तिची अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती.

“मायेचं होतं, पोरी.”

“मायेत कॅल्शियम असतं का?”

“शर्वरी!” काका ओरडले. “कॉलेजात गेली म्हणून काय...”

“बोलू दे तिला,” बुवा म्हणाले.

शर्वरीचा भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता. इंदूवहिनी भिंतीला टेकून बसली होती. पदराखाली बाळ पीत होतं.

“डाळ, भाजी पोटात जाते, बुवा. शरीर ती सुटी सुटी करतं आणि त्याच तुकड्यांचं नवं काही जोडतं. आई दूध जोडते. बाळ त्या दुधातून हाड जोडतं, मांस जोडतं, डोळे जोडतं. नुसत्या भातातून एवढं कुठून येणार?”

“मग आटलं का हिचं दूध?” आत्या फणकारली. “बघ, कसं पितंय!”

“नाही आटलं. त्याचीच भीती वाटते.”

शर्वरीने वहिनीचा हात उचलला. मनगटाची हाडं वर आली होती.

“बाहेरून मिळेना, की शरीर स्वतःलाच सुटं करायला लागतं. आत्या, बाळ हिलाच पितंय.”

...

बुवा त्या मनगटाकडे बघत राहिले.

“माझी आई अशीच गेली,” ते म्हणाले. “मी अंगावर पीत होतो. तिच्या त्यागावर जन्मभर कीर्तनं केली मी.”

“त्याग नव्हता तो, बुवा. तिला कुणी वाढलं नाही.”

बुवांनी आपले दोन्ही तळहात उघडले. उलटसुलट करून पाहिले.

“मग हे...?”

“तिचंच आहे.”

सेवेकऱ्याने दुपारचं ताट आणून बुवांपुढे ठेवलं. भात, वरण, मेथीची भाजी, दही.

“पण नियम माझ्या गुरूंचा आहे,” बुवा हळूच म्हणाले. “मला तो मोडता येत नाही, पोरी.”

“तुम्ही नका मोडू.”

तिने त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि वहिनीसमोर ठेवलं. भातावर वरण ओतलं. मीठ वाढलं.

“मी मोडते. जेव, वहिनी.”

काका उठले... आणि पुन्हा बसले. आत्याने तोंडाला पदर लावला. बुवांचे हात अजून उघडेच होते.