चकतीवरचे बोट

एकदा एक स्त्री जुन्या दगडखाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर एका वृद्ध उस्तादांकडे आली. तिच्या पेटीत भावाचे रिव्हॉल्व्हर होते, आणि तो भाऊ या जगात नव्हता.

त्या खाणीतून दगड काढणे केव्हाच थांबले होते. तिन्ही बाजूंना उभे काळे कडे, आणि तळाशी साचलेले हिरवट पाणी. त्या पाण्यात आकाश दिसे, पण वारा असला तरी ते हलत नसे. तिथे बार काढला की आवाज लांब जाई, आणि कुणीतरी विचार करून उत्तर द्यावे तसा उशिराने परत येई. माध्यान्हीला तर तिथे पाखरूसुद्धा फिरकत नसे. नेमबाज मंडळी बाराच्या आत पेट्या आवरून निघून जात. का, म्हणून विचारले तर म्हणत, ऊन लागते.

उस्ताद मात्र दुपारीही तिथेच, पत्र्याच्या छपराखाली बसून असत. सगळे त्यांना आबा म्हणत.

"आबा, ह्याचं गोळ्यांचं चाक अडतंय," ती स्त्री म्हणाली. "पहिल्या फैरीतच. चाप ओढता ओढता मध्येच जड होतो. आणि एक बार हटकून फुसका जातो. नुसतं टक् होतं."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या फैरीला सगळं सुरळीत."

पलीकडे आपली पेटी आवरत असलेले गुळाचे एक व्यापारी हसले. मनाने उमदे, पण जिभेला हाड नाही असा माणूस. "ताई, नळीला लिंबू-मिरची बांधा. आमच्या ट्रकला बांधतो. आजवर एकदाही टक् झालेलं नाही."

"शेठ, मागच्या महिन्यात तुमचा ट्रक घाटात बंद पडला होता," आबा शांतपणे म्हणाले.

"त्या दिवशी लिंबू सुकलं होतं, आबा."

ती हसली नाही. निवड-स्पर्धा तोंडावर आली होती. रिव्हॉल्व्हरच्या त्या स्पर्धेत सहा गोळ्या झाल्या की लगेच पुढच्या सहा भरायच्या असतात, आणि एकेक काडतूस घालत बसायला सवड नसते. म्हणून पोलादी पत्र्याची एक पातळ, गोल चकती वापरतात. तिच्या कडेला सहा खाचा असतात. खाचांत सहा काडतुसे आधीच अडकवून ठेवायची आणि सगळा घोस एकदम चाकात सोडायचा. इंग्रजीत तिला मून क्लिप म्हणतात. मैदानावर नुसते चकती म्हणत.

आबांनी हत्यार रिकामे असल्याची खात्री केली. चाक बाहेर काढले. चाकामागच्या चांदणीच्या आकाराच्या पट्टीखालून बारीक ब्रश फिरवला, कारण जळक्या दारूचा एक कण तिथे बसला तरी चाक अडते. तिथे काही नव्हते. मधली दांडी पिळून पाहिली. तीही घट्ट होती. मग नुसते चाक बोटाने फिरवले. ते मंद, एकसारख्या आवाजात फिरत राहिले.

"चाकाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चकत्या बघू."

"चकत्यांचंच म्हणाल तर ह्या घ्या की ताई!" शेठनी आपली डबी पुढे केली. "नव्याकोऱ्या. बाहेरून मागवल्यात."

आबांनी त्यातली एक उचलली आणि त्या स्त्रीच्या पुंगळ्या तीत बसवल्या. रिकाम्या काडतुसाला तिथे पुंगळी म्हणतात. चकती उलटी धरताच दोन पुंगळ्या गळून पडल्या आणि उरलेल्या घुंगरांसारख्या लोंबल्या.

"शेठ, ही चकती तुमच्या पुंगळ्यांच्या गळ्याची. हिच्या पुंगळ्यांचा गळा बारीक आहे. दुसऱ्याच्या मापाचा दागिना भारी असला तरी अंगावर राहत नाही. काडतूस चकतीत जरासं हललं पाहिजे, पण उलटं धरल्यावर गळता कामा नये. फार घट्टही नको, नाहीतर काढताना चकती पिळवटते."

"घ्या! म्हणजे आमचा उपकारही ढिला पडला," असे म्हणून शेठनी डबी खिशात टाकली आणि घड्याळाकडे पाहिले. बारा होत आले होते. "मी निघतो. ताई, तुम्हीही फार वेळ थांबू नका इथं."

त्यांच्या पावलांचा आवाज खाणीबाहेर गेला, आणि मग तोच आवाज कड्यावरून पुन्हा एकदा आला. जणू त्यांच्या मागून आणखी कुणी चालत गेले.

आता तिने स्वतःच्या चकत्या पुढे ठेवल्या. एक सोडून बाकीच्या सगळ्या डब्यात होत्या. ती एक तिने रुमालात वेगळी गुंडाळली होती. तिच्या एका खाचेजवळ सुईने ओढलेली बारीक रेघ होती.

आबांनी तीत सहा पुंगळ्या बसवल्या, घोस चाकात सोडला, आणि डोळे मिटून चाप अगदी सावकाश ओढू लागले. चाक एक घर फिरले, दुसरे फिरले, आणि मग अडले. आबांनी दाब कमी केला, पुन्हा ओढले. पुन्हा तिथेच. मग त्यांनी घोस काढून एक घर पुढे सरकवून बसवला. आता अडण्याची जागाही एक घर पुढे सरकली. तिसऱ्यांदा फिरवून लावला. जिथे रेघ, तिथे अडणे. चाक कुठूनही सुरू करा, सुईची ती रेघ फिरत फिरत वर आली की आतून कुणी बोट टेकवावे तसे ते हळूच थांबे.

खाणीत काहीही वाजत नव्हते. आबांनी डोळे न उघडताच विचारले,

"कुणाचं बोट आहे गं हे?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने यातले काहीच त्यांना सांगितले नव्हते.

"दादाचं," ती म्हणाली.

मग तिने सगळे सांगितले. भाऊ निवड-स्पर्धेपर्यंत पोचला होता. स्पर्धेच्या आधी कावीळ झाली आणि तो गेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर येऊन बसे, खाली उतरत नसे. घरच्यांनी एकेक वचन देऊन पाहिले. आईला सांभाळू, म्हणाले. अंगणातले त्याने लावलेले झाड तोडणार नाही, म्हणाले. कावळा हलला नाही. शेवटी ती पुढे झाली आणि म्हणाली, दादा, तुझी राहिलेली स्पर्धा मी पुरी करीन, आणि पहिली फैर तुझ्याच चकतीने झाडीन. तेव्हा कावळा शिवला.

"मग मी रिव्हॉल्व्हरचा परवाना नावावर करून घेतला. रोज सराव केला. रोज पहिली फैर ह्याच चकतीने. आधी नीट चालायची. आता दादा चाक धरून ठेवतो. आबा, त्याला मी नको आहे का तिथं? की माझंच काही चुकलंय? वचन मोडलं तर तो अडकून राहील. आणि पाळलं तर ऐन स्पर्धेत टक् होणार."

आबांनी छपराखालच्या टेबलावर एक काच ठेवली, काचेवर ती चकती ठेवली आणि कडेला नखाने स्पर्श केला. चकती डुलू लागली. टिक्, टिक्, टिक्. बंद दारावर कुणी नखाने हळूच वाजवत राहावे, तसा आवाज. किती तरी वेळ तो थांबेना. त्यांनी दुसरी चकती ठेवून पाहिली. ती पाण्यावरच्या पानासारखी गप्प पडून राहिली.

"ह्या पुंगळ्या कशानं काढतेस?"

"अंगठ्यानं. रेघेपासून सुरुवात करायची, एकेक ओढून काढायची."

"आणि पेटीत ही पितळी नळी कसली?"

"दादाची आहे. पुंगळ्या काढायलाच होती. पण मी ती लावत नाही, आबा. त्याचा हात फिरलेला आहे तिच्यावर. झिजेल म्हणून जपून ठेवलीय."

आबांनी तिच्याकडे पाहिले. मग एक विचित्र गोष्ट केली. तिचा जेवणाचा डबा उघडायला लावला. त्यातला भाताचा एक घास घेतला, बाहेर उन्हात एका सपाट फरशीवर चकती ठेवली आणि तिच्यावर तो घास ठेवला.

"नाव काय होतं त्याचं?"

"सर्जेराव."

"सर्जेराव, जेवून घ्या बाबा," आबा म्हणाले. एवढेच. वचन नाही, मागणे नाही.

ती घासाजवळच हात जोडून उभी राहिली. बराच वेळ गेला. ऊन फरशीवर थिजल्यासारखे झाले होते. एकही पाखरू नव्हते. पाण्यातले आकाशही रिकामे होते.

"आबा, इथं या वेळेला कावळा येत नाही," ती कुजबुजली. "काही बोलू का मी? आणखी काही कबूल करू?"

"बोलू नकोस. मागं सर."

ती एक पाऊल मागे सरली.

"आणखी."

ती छपराच्या सावलीपर्यंत मागे आली. आणि कड्यावरून, जिथे क्षणापूर्वी काहीच नव्हते, तिथून एक कावळा खाली आला. त्याने मान वाकडी करून दोघांकडे पाहिले. घास उचलला. त्याच्या चोचीच्या धक्क्याने चकती फरशीवर डुलली, टिक्, टिक्, आणि तो उडून गेल्यावरही जराशी डुलत राहिली. मग थांबली.

आबांनी तिला बसवले, माठातले पाणी दिले. मग ते सावकाश बोलू लागले.

"त्या दिवशी घाटावर तू वचन दिलंस. नंतर काय केलंस?"

तिने आठवून पाहिले. "नमस्कार केला. आणि सगळे मागे झालो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी सगळेच पिंडाला वेढा घालून उभे होतो."

"पोरी, गेलेला माणूस काय ऐकतो, काय नाही, हे मला ठाऊक नाही. मी शिकलेला माणूस नाही. पण एवढी वर्षं बघतोय, माणसं जवळ गर्दी करून उभी असली की कावळा उतरत नाही. आपल्याला वाटतं, तो काहीतरी मागतोय. तो फक्त आपण मागं सरायची वाट बघत असतो. तुझा भाऊ चाक धरत नाही. हा पत्रा नखाएवढा पातळ. रोज त्याच एका जागेपासून अंगठ्यानं पुंगळ्या ओढल्यास, म्हणून तो तिथंच वाकला. वाकल्यावर एक काडतूस मागं येऊन घासतं आणि समोरचं पुढं दबतं. दबलेल्यावर घोड्याचा ठोका ओझरता बसतो, म्हणून टक्. बोट आहे, पण ते तुझं आहे. त्यानं हाताळलेली नळी तुला वापरायला ठेवली होती, ती तू देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपलीस. आणि जी चकती देव्हाऱ्यात ठेवायची, तिला रोज कामाला जुंपलीस. गेलेल्याला कामाला जुंपू नये गं. थकलेला असतो तो."

ती रडली. आबांनी रडू दिले. खाणीने तिचा हुंदका घेतला, आणि या वेळी परत दिला नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आणि वचन?"

"स्पर्धा पुरी कर, पण ही चकती घरी ठेव. पुंगळ्या त्याच्या नळीनं काढ. त्याचा हात त्यात आहेच की."

त्यानंतरच्या दिवसांत तिने दुसऱ्या सगळ्या चकत्या एकेक करून काचेवर ठेवल्या. डुलणाऱ्या बाजूला काढल्या. उरलेल्यांतल्या काही सरावासाठी आणि काही फक्त स्पर्धेसाठी ठेवल्या, आणि स्पर्धेच्या चकत्यांना सरावात हात लावला नाही. पितळी नळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती तिच्या अपेक्षेपेक्षा हलकी होती. मधल्या भागावर अंगठ्याएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती. तिचा अंगठा तिथे बरोबर बसला.

स्पर्धेच्या दिवशी तिने पहिला घोस चाकात सोडला. चाप ओढता ओढता ती त्या ओळखीच्या अडण्याची वाट पाहत होती. ते आले नाही. चाक मोकळे फिरत राहिले. सहाच्या सहा बार झाले आणि सहाव्यानंतर तिच्या लक्षात आले, आपल्याला कुणी धरलेले नाही. क्षणभर तिला फार एकटे वाटले. मग तिने दुसरा घोस भरला.

मागे शेठ कुणाला तरी सांगत होते, "लिंबू बांधलंय तिनं, दिसत नाही एवढंच."

संघात तिचे नाव आले.

ती वाकडी चकती आता घरी भावाच्या तसबिरीसमोर, पितळी ताम्हनात असते. कधी ती घरात एकटी असताना चकती आपोआप डुलू लागते. टिक्, टिक्. रस्त्यावरून अवजड गाडी जात असेल, किंवा नसेलही. सुरुवातीला ती धावत जाऊन चकतीवर बोट ठेवत असे.

आता ती हातातले काम थांबवते, उठते आणि मागे सरते. थोड्याच वेळात आवाज थांबतो.